कायदा काटेकोर पाळणारा माणूस व्हिलन असू शकतो का? घरातला प्रश्न आहे, मदत करा

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा, पण वाचलंत तर मनापासून उत्तर द्या.

आमचा सात-आठ जणींचा वाचनाचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा नाशकात गंगापूर रोडला एकीच्या घरी जमतो. या वेळी ह्यूगोची ले मिझराब्ल घेतली होती, १८६२ ची कादंबरी, मी त्याची छोटी आवृत्तीच वाचली. पाव चोरला म्हणून ५ वर्षं आणि तुरुंगातून पळायचे प्रयत्न केले म्हणून आणखी १४, अशी १९ वर्षं काढून सुटलेला जाँ वाल्जाँ, आणि आयुष्यभर त्याच्या मागावर असलेला इन्स्पेक्टर जाव्हेर. चर्चेत सगळ्यांनी जाव्हेरला एका वाक्यात व्हिलन ठरवलं आणि पुढच्या विषयावर गेल्या, मी मात्र तिथेच अडकले, कारण मला पूर्ण वेळ डोळ्यासमोर माझे बाबा दिसत होते.

बाबा वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. ३१ वर्षं नोकरी, कधी कुणाच्या दुकानात चहासुद्धा घेतला नाही. त्यांच्याकडे आतून मखमल लावलेली एक लाकडी पेटी असायची, त्यात पितळी वजनं, मोठ्यापासून अगदी पत्र्याच्या चिटुकल्या मिलिग्रॅमच्या तुकड्यांपर्यंत. ती बाबा चिमट्याने उचलायचे. मी लहानपणी एकदा हात पुढे केला तर म्हणाले, बोट लावायचं नाही, घाम लागला की वजन बदलतं. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर भाजी घ्यायला गेलो तरी आधी वजन उलटं करून बुडाचा शिक्का बघायचे आणि मगच भाव विचारायचे. आई लाजेनं चार पावलं पुढे निघून जायची.

१९९४ मध्ये त्यांनी माझ्या सख्ख्या मामाच्या दुकानावर केस केली. सिन्नरला मामाचं किराणा दुकान होतं. वजनं दर दोन वर्षांनी तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात, मामाच्या वजनांची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली होती आणि दोन किलोच्या वजनाच्या बुडाला जे शिसं भरलेलं असतं ते निघालेलं होतं. बाबांनी पंचनामा केला, वजनं जप्त केली, मामाला तडजोडीची रक्कम, म्हणजे केस कोर्टात न जाता मिटावी म्हणून सरकारात भरायची रक्कम, भरावी लागली. रक्कम फार नव्हती हो, पण भर बाजारपेठेत मेव्हण्याने मेव्हण्याची वजनं गोणपाटात बांधून नेली ही गोष्ट सिन्नरमध्ये कितीतरी वर्षं सांगितली जायची.

त्यानंतर ११ वर्षं मामा आमच्या घरी आला नाही आणि आई माहेरी गेली नाही. भाऊबीजेला आई ताट करायची, निरांजन लावायची आणि गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात ना, माझी आई भाऊ असून ओवाळायची. २००५ ला आजी गेली तेव्हा दहाव्याला रामकुंडावर ते दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलले.

बाबांना जाऊन आता वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या दिवशी माझा धाकटा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला की बाबा आपल्या घरातले व्हिलन होते, हे एकदा मान्य कर म्हणजे सुटशील. मला मान्य करता येत नाहीये आणि नाही म्हणायलाही जीभ उचलत नाहीये. ज्याने पैसे खाल्ले नाहीत, कुणाचं वाईट चिंतलं नाही, फक्त नियम पाळला, तो माणूस व्हिलन असू शकतो का?

पुस्तकांचं कपाट

ताई, मूळ कादंबरी पूर्ण वाचा अशी विनंती, कारण छोट्या आवृत्तीत जाव्हेरच्या बाबतीतलं जे सगळ्यात महत्त्वाचं आहे तेच बहुतेक कापलेलं असतं. तो स्वतः तुरुंगात जन्मलेला आहे, आई पत्त्यांवरून भविष्य सांगणारी, बाप सक्तमजुरीची शिक्षा भोगणारा कैदी. लहानपणीच त्याला कळलंय की आपल्यासारख्याला समाज कधी आत घेणार नाही, मग एक तर समाजावर हल्ला करायचा नाही तर त्याच्या दारात पहारा द्यायचा. त्याने पहारा निवडला.

आणि दुसरी गोष्ट. मधे एकदा तो नगराध्यक्षाची वरती तक्रार करतो की हा माणूस म्हणजे तोच फरारी कैदी आहे (आणि तो खरंच नाव बदलून राहिलेला वाल्जाँच असतो). वरून उत्तर येतं की खरा कैदी दुसरीकडे सापडलाय, तुझं डोकं फिरलंय. तेव्हा हा माणूस सरळ नगराध्यक्षासमोर जाऊन उभा राहतो आणि सांगतो, मी साहेबांवर खोटा आळ घेतला, मला बडतर्फ करा. राजीनामा द्यायलाही तयार नाही, म्हणतो राजीनामा मानाचा असतो, मला काढून टाका. कुठला व्हिलन असं करतो सांगा. व्हिलनला नियम दुसऱ्यासाठी हवे असतात.

शेवटी ज्याला आयुष्यभर शोधलं तोच त्याचा जीव वाचवतो, मग हा त्याला सोडून देतो आणि ते सोडणं सहन न होऊन सीन नदीत उडी मारतो. पण उडी मारण्याआधी पोलीस चौकीत बसून एक टिपण लिहितो, तुरुंगाच्या कारभारात काय सुधारायला हवं याचं. त्यात लिहिलंय की चौकशीहून परत आणलेल्या कैद्यांना झडतीसाठी अनवाणी फरशीवर उभं करतात, त्यातले बरेच जण परतल्यावर खोकायला लागतात आणि दवाखान्याचा खर्च वाढतो. मी ते वाचून पुस्तक मिटून बसले होते बराच वेळ. म्हणजे याला त्या लोकांचे पाय दिसत होते, इतकी वर्षं दिसत होते, पण बोलायचं तर खर्चाच्याच भाषेत बोलता येत होतं.

माझं मत, शोकांतिका आहे ती, व्हिलन नाही.

कादवाकाठचा शेतकरी

ताई राग मानू नका पण मी दुसऱ्या बाजूने सांगतो, मी निफाड तालुक्यातला, कांदा आणि थोडी द्राक्षं आहेत. तुम्ही शहरातल्या लोकांना वजन म्हणजे पावभर इकडे तिकडे वाटतं, आमचं वर्षाचं घर त्या काट्यावर चालतं. एकदा मला संशय आला म्हणून ट्रॅक्टर एका भुईकाट्यावरून दुसऱ्या भुईकाट्यावर नेला, त्याच मालाचे ४० किलो कमी-जास्त. कुणाचा काटा ते लिहीत नाही, पण तो माणूस रामराम घालताना हात जोडून वाकून घालायचा. हमाली तोलाई वाराई कापून घ्या बापा पण जे आहे ते तरी बरोबर मोज, एवढंच मागणं असतं आमचं. चार महिने रात्रीच्या लाईटला पाणी भरलेलं असतं हो त्या कांद्याला. तुमच्या वडलांसारखा एक माणूस आमच्या बाजारात उभा असता तर आम्ही त्याच्या पाया पडलो असतो.

आणि जो खरा काटा तपासतो त्यालाच सगळे वाईट म्हणतात हे लक्षात घ्या, कारण त्याला पाकीट देता येत नाही. पाकीट घेणारा इन्स्पेक्टर लग्नाला बोलावला जातो, मानाचं टोपी-उपरणं त्याला मिळतं, व्हिलन कोण ठरतो तर हा.

अजून एक बोलतो, चुकलं तर माफ करा. शिसं आपोआप पडत नाही ताई. लोखंडी वजन दगडावर आपटलं तरी ते खाचेत घट्ट बसलेलं असतं, काढावं लागतं. दोन किलोच्या वजनात शिसं नसेल तर त्या दुकानातून रोज किती बायाबापड्या कमी साखर घेऊन घरी गेल्या याचा हिशोब पण तुमच्या प्रश्नात यायला पाहिजे. त्या बायकांपैकी कुणी इथं लिहायला येणार नाही.

सातपूरकर

वरचं पटलं पण मला एक गोष्ट मांडायचीये, कारण सगळा विचार कायदा बरोबर आहे असं धरूनच चाललाय. वजन बरोबर पाहिजे हा कायदा चांगला आहे म्हणून तो कडक पाळणारा माणूस चांगला वाटतो. कायदाच वाकडा असेल तेव्हा काय?

आमच्या नाशकातलंच घ्या. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाड आणि बाकीची मंडळी इथं पाय रोवून उभी. हजारोंचा मोर्चा शांतपणे देवळापाशी आला तर दारं बंद आणि दारांवर पोलीस. पुढे काही वर्षं हे चाललं, रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, लोक तुरुंगात गेले. माझे पणजोबा त्या दारापुढे बसलेले. आजोबा सांगायचे की पणजोबांना त्या शिपायाचा चेहरा कधीच आठवला नाही, त्याच्या काठीच्या टोकाला बसवलेली लोखंडी टोपी आठवायची, कारण बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर तीच येते. तो शिपाई काही वाईट माणूस नसेल. त्यालाही घरी पोरं असतील, त्याने शिव्या दिल्या नाहीत, मारलंही नसेल. ड्युटी केली. पण रामाच्या आणि आमच्या मधे उभा कोण होता, तर तोच ना.

म्हणून माझ्या लेखी व्हिलन असायला मनात वाईट असावंच लागतं असं नाही. दार कुणासाठी बंद आहे हे एकदाही न विचारता दार धरून ठेवणं पुरेसं आहे. ताईंच्या वडलांना हे लागू होतं असं म्हणत नाही, पण फक्त नियम पाळला हे उत्तर म्हणून मला कधीच पुरत नाही.

आनंदवल्लीकर

मी राहतो तिथलाच इतिहास सांगतो. आनंदवल्ली हे नाव आनंदीबाईंवरून पडलंय, राघोबादादांचा वाडा इथं होता. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबांना दोषी ठरवून सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं नाही, आणि न्यायाधीशपद सोडून पुण्यातून निघून गेले. आता त्या वेळी राघोबांच्या माणसांना रामशास्त्री काय वाटले असतील? हट्टी, आडमुठा, धन्याचं मीठ न ओळखणारा. आपण मात्र अडीचशे वर्षं पोरांना त्यांची गोष्ट सांगतोय.

मला यात फरक दिसतो तो असा की रामशास्त्र्यांचं बोट वरच्या दिशेला होतं आणि जाव्हेरचं खालच्या. पाव चोरणाऱ्यावर कडक होणं सोपं आहे, तो काय वाकडं करणार तुमचं. ज्याच्या हातात तुमची नोकरी आहे, तुमची अब्रू आहे, तुमचं सासर आहे, त्याच्यावर कडक व्हायला छाती लागते. ताई तुमच्या वडलांनी सासरच्या दुकानावर केस केली. दुसऱ्या कुठल्या दुकानाचा पंचनामा करून सासरचं दुकान ओलांडून पुढे गेले असते तर मी त्यांना खोटा माणूस म्हटलं असतं.

तारीख पे तारीख

वकिली करते, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ कोर्टात, म्हणून दोन गोष्टी कायद्याच्या.

एक म्हणजे कायदा आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक कायम गल्लत करतात. आपल्या कायद्यातच मोकळी जागा ठेवलेली आहे. जुन्या दंड संहितेत ९५ वं कलम होतं, आता न्याय संहितेत ते ३३ वं आहे, की साधारण समजूतदार माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकं क्षुल्लक नुकसान हा गुन्हाच नाही. १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, त्यात पहिल्यांदा चुकलेल्याला समज देऊन सोडता येतं. आणि १ जुलै २०२४ पासून जी न्याय संहिता लागू झाली तिच्यात पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा आहे समाजसेवा. म्हणजे तो पाव चोरणारा आज नाशिकमध्ये पकडला गेला असता, त्याच्यावर नुसत्या चोरीचंच कलम लागलं असतं आणि त्याने पावाचे पैसे परत दिले असते, तर १९ वर्षं तुरुंगाऐवजी एखाद्या ठिकाणी काही दिवस काम करून घरी गेला असता. तेव्हा जो अधिकारी म्हणतो की माझे हात बांधलेत, त्याला मी तरी आधी कलम उघडून दाखवते. बरेचदा हात मोकळे असतात, वापरायचे नसतात.

दुसरी गोष्ट जरा टोचेल ताई. आपल्या माणसाचं प्रकरण आपण हाताळायचं नाही, ना त्याच्या बाजूने ना त्याच्या विरुद्ध, हे न्यायाचं अगदी प्राथमिक तत्त्व आहे. वरच्या दादांना मेव्हण्यावर केस करणं हे धाडस वाटलं, मला तिथेच खटकलं. खरा काटेकोर माणूस वरिष्ठांना लिहून देतो की हे माझ्या नात्यातलं दुकान आहे, तपासणीला दुसऱ्याला पाठवा. दुकान सुटलं नसतं, शिसं नव्हतं ते नव्हतंच, केस झालीच असती. पण गोणपाट बांधणारे हात तुमच्या वडलांचे नसते. त्यांनी हे का केलं नाही, आपण सासरच्यांनाही सोडत नाही हे लोकांना दिसावं असं वाटलं असेल का, ते तुम्हालाच माहीत.

खाकीतला काका

पोरी, ३४ वर्षं खात्यात काढून रिटायर झालो. २००३ च्या कुंभमेळ्यात इथं चेंगराचेंगरी झाली, तीसहून जास्त माणसं गेली, ते दिवस ज्याने पाहिलेत त्याला बॅरिकेड म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. २०१५ ला १३ सप्टेंबरच्या पर्वणीला मी एका बॅरिकेडवर होतो. ऑर्डर एकच, उलट्या दिशेने एक माणूस सोडायचा नाही. एक म्हातारी आली, जळगावकडची, नवरा मागे राहिला होता, दिसत पण होता बहुतेक तिला, पन्नास पावलांवर. रडली, पाया पडली, मग शिव्या दिल्या, तुझ्या आईला असं अडवशील का म्हणाली. मागचे लोक पण म्हणायला लागले, सोडा ना साहेब एक म्हातारी तर आहे. नाही सोडली. एक सोडली की तिच्या मागून दहा येतात आणि दहाच्या मागून काय येतं ते मी २००३ ला पाहिलंय.

पण तिला बाजूला पायरीवर बसवली, नवऱ्याचं नाव गाव विचारून वायरलेसवर दिलं, लाऊडस्पीकरवर पुकारायला लावलं, आणि तिला सांगितलं की आजी मी का सोडत नाही ते. ऐकलं का तिने, नाही ऐकलं. तोंड फिरवून बसली. दोन अडीच तासांनी म्हातारा आला फिरून, तेव्हा पण जाताना माझ्याकडे बघितलं नाही तिने. तिच्या लेखी मी आजही व्हिलन असणार आणि मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण बॅरिकेड मी आज पण उघडणार नाही.

तुझ्या वडलांनी मामाशी काय बोलणं केलं होतं का त्या दिवशी? आणि घरी आल्यावर तुझ्या आईशी?

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक उत्तर दोन-दोनदा वाचलं. काकांचा प्रश्न आणि शेतकरी दादांचं ते शिशाचं वाक्य, या दोन गोष्टी डोक्यातून जाईनात. मी इतकी वर्षं शिसं निघालेलं होतं असंच म्हणत आलेय, कुणी काढलं हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. काल संध्याकाळी आईकडे गेले, ती मेथी निवडत बसली होती, मीही शेजारी बसून निवडायला लागले आणि सरळ विचारलं.

आई म्हणाली, ते वजन माझ्या वडलांच्या काळातलं. हलकं आहे हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, दुकानात ते वजन फक्त उधारीवाल्यांना वापरायचे. हे इतक्या सहज म्हणाली की माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. म्हणजे जे रोख देऊ शकत नव्हते त्यांनाच कमी मोजायचं. मामाने काढलं नव्हतं, त्याने फक्त चालू ठेवलं. ११ वर्षं चंद्राला ओवाळणाऱ्या माझ्या आईला हे सगळं माहीत होतं.

मग म्हटलं, तरी तुला बाबांचा राग कसला होता? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, केसचा राग नव्हता गं. त्या दिवशी सिन्नरहून आले, हातपाय धुतले, पिठलं-भाकरी होती, जेवले. मी वाढत होते. अजून थोडं पिठलं वाढ म्हणाले. एक शब्द सांगितला नाही. मला चार दिवसांनी भावाच्या पत्रातून कळलं की माझ्या नवऱ्याने माझ्या माहेरी काय केलं. नंतर विचारलं तर म्हणाले ऑफिसचं काम घरी सांगायचं नसतं.

वकील ताईंनी लिहिलेलंही तिला वाचून दाखवलं, दुसऱ्याला पाठवायला हवं होतं ते. तर म्हणाली, दुसरा गेला असता आणि यांनी मला आदल्या रात्री सांगितलं असतं, तर मीच भावाला सांगितलं असतं की वजन बदल. म्हणून तर सांगितलं नसेल. मग थोड्या वेळाने परत म्हणाली, पण आल्यावर तरी सांगायचं होतं.

भावाला हे सगळं अजून सांगितलेलं नाही. तो रविवारी येतोय, आई म्हणाली मी सांगते त्याला, तू मधे बोलू नकोस. पेटी माझ्याकडेच आहे, काल रात्री उघडली, मखमल विरलीये पण वजनं तशीच आहेत आणि चिमटा त्याच्या खाचेत बसलेला आहे.